जीर्णोद्धारापूर्वीची नोंद : जुन्या सायकलीचा सांगाडा, पावडर कोटिंगची पूर्वतयारी आणि जोतिबा परिसर

बीजसंज्ञा : सायकल, पृष्ठलेपन, पावडर कोटिंग, जीर्णोद्धार, भौतिक साधने, जोतिबा, कोल्हापूर.

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, नाणी आणि दफ्तरे यांचा उल्लेख प्रथम होतो. कोल्हापूरसारख्या संस्थानी शहराच्या बाबतीत या साधनांची वाण नाही. दरबाराचे हुकूम, महसुलाच्या नोंदी, पत्रव्यवहार असे विपुल कागद पुरालेखागारात जतन झाले आहेत. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, तिचाही इतिहास कागदोपत्री उभा करता येतो. परंतु विसाव्या शतकातील सामान्य माणूस रोज कसा हिंडला-फिरला, कामावर कसा गेला, बाजाराला आणि यात्रेला कसा पोहोचला, याविषयी हे कागद फारसे बोलत नाहीत. हा माणूस बहुतेक वेळा पायी चालला आणि ऐपत आल्यावर सायकलवर बसला. त्याच्या या प्रवासाचे दप्तर कोणी ठेवले नाही. जे काही उरले आहे ते सायकलींच्या लोखंडी सांगाड्यांवरच उरले आहे.

अलीकडे हे सांगाडे माळ्यावरून व गोठ्यांतून बाहेर काढले जात आहेत. आजोबांची किंवा वडिलांची सायकल पुन्हा चालती करावी, निदान दर्शनी ठेवावी, ही इच्छा त्यामागे असते. अशा वेळी सर्वांत टिकाऊ लेप म्हणून पावडर कोटिंगची निवड केली जाते. या प्रक्रियेची पहिली अट म्हणजे सांगाडा अगदी उघड्या पोलादापर्यंत स्वच्छ करणे. म्हणजेच वस्तूचे आयुष्य वाढविणारी कृती त्याच वस्तूवरील पुरावा नष्ट करते. प्रस्तुत लेखाचा विषय हा पेच आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. लोखंडी वस्तूंच्या पृष्ठलेपनाच्या इतिहासात पूर्वतयारीचे स्थान स्पष्ट करणे.
२. जुन्या सायकलीच्या सांगाड्यावर कोणता ऐतिहासिक पुरावा आढळतो, हे दाखविणे.
३. पावडर कोटिंगच्या पूर्वतयारीतील प्रत्येक टप्प्यावर हा पुरावा कसा नाहीसा होतो व तो कसा नोंदवून ठेवता येईल, याचा विचार करणे.

जोतिबाचा डोंगर आणि जीर्णोद्धाराची परंपरा :

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी हे गाव आहे. जोतिबाचे हे ठाणे भोवतालच्या मैदानापासून सुमारे १००० फूट उंचीवर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर वसले आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येथे उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते आणि ‘चांगभलं’च्या गजरात सारा डोंगर गुलाबी होतो. येथील मूळचे लहान देऊळ किवळच्या नावजी या भक्ताने बांधले, असे परंपरा सांगते. आज दिसणारे मुख्य मंदिर मात्र १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी त्या जागी उभारले. मूळ देऊळ कसे होते, त्याची मापे काय होती, त्यावर कोणते काम होते, हे सांगणे आज कठीण आहे. जीर्णोद्धार झाला आणि आधीच्या वास्तूचे रूप त्यात विलीन झाले.

हा दोष राणोजींचा म्हणता येणार नाही. जीर्ण झालेले उद्धरावे, नवे व भक्कम करावे, हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. जुन्याची नोंद ठेवून मग नवे करावे, ही दृष्टी त्या काळी नव्हती. वस्तूवरील थर हा एक पुरावा असतो, ही जाणीव महाराष्ट्रात अलीकडे रुजू लागली आहे. २०१५ साली कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून करण्यात आले. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील पिढ्यान्‌पिढ्या साचलेले शेंदराचे कवच काढल्यावर आतील मूळ रूप प्रकट झाले. या दोन्ही प्रसंगी काय काढावे, काय ठेवावे आणि कोणाच्या देखरेखीखाली काढावे, यावर जाहीर चर्चा झाली. देवमूर्तीच्या बाबतीत जो विवेक समाजाने स्वीकारला, तो सामान्य वापराच्या वस्तूलाही लागू करता येईल काय, हा येथे प्रश्न आहे.

कॉव्हेंट्रीपासून पंचगंगेपर्यंत :

आजच्या रूढ सायकलीचे रूप इंग्लंडमध्ये निश्चित झाले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पोलादी नळ्या एकमेकींत सांध्यांच्या आधारे बसवून पितळेने झाळायच्या, अशी चौकटीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झाली. त्यानंतर अनेक दशके ती जवळजवळ तशीच राहिली. भारतात आरंभी सायकली आयात होत. रॅले, बीएसए, हर्क्युलस ही नावे घरोघरी परिचित झाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासमध्ये टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतमध्ये अ‍ॅटलस (१९५१), आसनसोलजवळ सेन-रॅले (१९५२) आणि लुधियानात हिरो (१९५६) अशी या उद्योगाची वाढ होत गेली. यांपैकी अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. ज्या वस्तूंचे कारखानेच उरले नाहीत, त्यांच्या जुन्या प्रतींना साधन म्हणून अधिक मोल येते, हे सांगावयास नको.

कोल्हापूर परिसरात सायकलीचा वापर कोणत्या कामांसाठी झाला, हे जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. करवीर व पन्हाळा तालुक्यांतील गावांतून दुधाचे कॅन मागे अडकवून शहरात येणारे गवळी, तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने, गिरणी व कारखान्याच्या पाळीला जाणारे कामगार, शाळा-कॉलेजचे विद्यार्थी असे हे चित्र आहे. या भागातील रस्त्यांचा चढउतार ध्यानात घेतला तर सांगाड्यावर पडणाऱ्या ताणाची कल्पना येते. रूढ काळ्या सायकलीचे वजन १८ ते २० किलो असे. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि २८ इंची चाके अशी जोडणी धरली तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ही जोडणी सोयीची असते. केर्लीकडून जोतिबाच्या चढाला लागल्यावर मात्र उभे राहून पेडल दाबावे लागते किंवा खाली उतरून सायकल ढकलावी लागते. उभ्याने दाबलेल्या प्रत्येक पेडलाबरोबर खालच्या सांध्याला पीळ बसतो. उतरणीला सळयांच्या ब्रेकवर सारा भार येतो, आणि पावसात ओल्या धावेवर हे ब्रेक पकड घेत नाहीत. डोंगरभागातील सायकलींच्या खालच्या सांध्याजवळ आणि पुढच्या चिमट्याच्या माथ्याशी दुरुस्तीच्या खुणा का शोधाव्यात, याचे कारण या भूगोलात आहे.

पृष्ठलेपनाचा इतिहास म्हणजे पूर्वतयारीचा इतिहास :

लेप टिकतो तो लेपाच्या गुणापेक्षा खालच्या पृष्ठाच्या तयारीमुळे, हे तत्त्व आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णी व कवठाची कच्ची फळे इत्यादी द्रव्यांचा काढा करून तो तापवून प्रासाद, मूर्ती व भिंती यांना द्यावा, असे त्यात सांगितले आहे. घरगुती व्यवहारातील अधिक बोलके उदाहरण कल्हईचे आहे. कल्हईवाला भांडे आधी घासून लख्ख करतो, तापवितो, त्यावर नवसागराची पूड टाकतो आणि मगच कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवितो. नवसागरामुळे तांब्या-पितळेवरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा निघून जातो आणि कथील धातूला थेट बिलगते. घासणे, तापविणे आणि नवसागर या तीन गोष्टींत कसूर झाली तर कल्हई आठवड्यात उडते. स्वच्छता, उष्णता आणि रासायनिक संस्कार हीच त्रयी पुढे औद्योगिक लेपनात दिसते.

सायकलीचा मूळचा काळा रंग हा ‘जपान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेपाचा वारस होय. पूर्वेकडून आलेल्या लाखकामाचे अनुकरण युरोपात सतराव्या शतकापासून सुरू झाले, त्यावरून हे नाव पडले. डांबरी राळ, जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांचे हे मिश्रण धातूवर देऊन भट्टीत भाजले जाई. एक थर भाजायचा, घासायचा आणि पुन्हा दुसरा द्यायचा, असे अनेक थर चढत. त्यावर लांब केसांच्या कुंचल्याने सोनेरी रेघा हाताने ओढल्या जात. या लेपाची चकाकी अप्रतिम असे. पण दगडाचा टवका उडाला की त्याखाली गंज पसरू लागे, कारण पोलाद व रंग यांच्यामध्ये संरक्षक दुवा नसे.

हा दुवा बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉसलेट यांनी पुरविला. १९०६ मध्ये त्यांनी पोलादावर फॉस्फेटचा थर चढविण्याची पद्धत पेटंट केली. तापलेल्या फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणात पोलाद बुडविले असता त्याच्या पृष्ठावर अविद्राव्य फॉस्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात. हे स्फटिक पोलादाला घट्ट धरतात आणि त्यांच्या खडबडीत पृष्ठावर रंगाला पकड मिळते. टवका उडाला तरी गंज रंगाखाली सहजासहजी सरकत नाही. पुढे अमेरिकेत या पद्धतीत सुधारणा होऊन ती जलद व स्वस्त झाली, आणि सायकलीच्या कारखान्यांनीही तिचा अवलंब केला.

गावोगावच्या दुरुस्तीत मात्र या रासायनिक संस्काराला स्थान नव्हते. तेथे पॉलिश पेपरने वरवर घासायचे, खड्ड्यांत लांबी भरायची, शेंदराचा म्हणजे शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा तेलातील अस्तर-थर द्यायचा आणि वर ब्रशने ऑइलपेंट मारायचा, अशी रीत होती. ज्या शेंदराने ग्रामदेवतांचे तांदळे माखले जात, त्याच द्रव्याने लोखंडी पूल आणि सायकली गंजापासून राखल्या जात, ही बाब सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. या रीतीत जुना रंग पूर्णपणे काढला जात नसे. त्यामुळे थरावर थर साचत गेले आणि नकळत एक दप्तर तयार झाले.

पावडर कोटिंगने ही साखळी तोडली. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी, हवेने तरंगत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पुडीत तापलेली वस्तू बुडवून लेप देण्याची पद्धत विकसित केली. १९६०च्या दशकात विद्युतभारित पूड फवारण्याचे तंत्र आले. या तंत्रात पुडीच्या कणांना विद्युतभार दिला जातो व वस्तू जमिनीशी जोडलेली असते, त्यामुळे कण तिच्याकडे ओढले जातात. नंतर वस्तू १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटे ठेवली की पूड वितळून, परस्परांत जुळून ६० ते ८० मायक्रॉन जाडीचे अखंड कवच बनते. यात द्रावक उडून जात नाही आणि खाली पडलेली पूड पुन्हा वापरता येते. पण विद्युतभाराच्या या खेळाला उघडा, स्वच्छ, जमिनीशी जोडलेला धातू लागतो. जुन्या रंगाच्या थरांवर हे कवच विश्वासाने बसत नाही.

सांगाड्यावरील पुरावा :

जुन्या सांगाड्यावर किमान पाच प्रकारचा पुरावा आढळतो. पहिला, सांगाड्याचा ठोकलेला क्रमांक. तो बहुधा सीटच्या नळीजवळ किंवा खालच्या सांध्याच्या तळाशी असतो. दुसरा, पुढच्या नळीवरील पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कारखान्याची मुद्रा आणि नळ्यांवरील चित्रपट्ट्या. तिसरा, सोनेरी रेघा व रंगांचे थर. त्यांच्या क्रमावरून सायकल किती वेळा रंगविली गेली व कोणत्या हातून गेली, याचा अंदाज बांधता येतो. भाड्याच्या सायकलींवर दुकानाचे नाव व अनुक्रमांक रंगविलेला असे. तो पुढच्या मालकाने झाकला तरी घासताना पुन्हा वर येतो.

चौथा पुरावा कराचा. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर आकारीत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. हा बिल्ला सायकलीला पट्टीने, स्क्रूने किंवा रिव्हेटने लावला जाई. बिल्ला हरवला तरी त्याची पट्टी वा भोक मागे राहते. कर, वर्ष आणि गाव या तिन्ही गोष्टी एका बोटभर पत्र्यावर नोंदलेल्या असत. पाचवा पुरावा दुरुस्तीचा. तुटलेल्या नळीवर चढविलेली दुसरी नळी, चिमट्याच्या मुळाशी पुन्हा दिलेली पितळी झाळ, दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंगने बसविलेले जाड कॅरिअर, मुलासाठी दांडीवर केलेल्या लहान सीटचे वण हे सारे मालकाच्या व्यवसायाची व कुटुंबाची साक्ष देतात. दागिन्यांची मोडतोड होऊन नवे दागिने होतात, कपडे विरतात. सायकल मात्र एकच वस्तू म्हणून तीन-तीन पिढ्या राहते आणि तिच्यावर सर्वांचे वण साचतात.

पूर्वतयारीचे टप्पे आणि नोंदीची जागा :

पहिला टप्पा सुटे करण्याचा. चाके, मडगार्ड, चेनकव्हर, ब्रेकच्या सळ्या, हँडल व चिमटा काढावे लागतात. कॉटर पिन आणि खालच्या सांध्यातील वाट्या काढताना घाई केल्यास आटे बिघडतात. इंग्रजी पद्धतीच्या सांगाड्यात चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची असते, हे ठाऊक नसल्याने अनेक सांगाडे याच टप्प्यावर खराब होतात. कारखान्याची मुद्रा छिन्नीने उपटू नये. रिव्हेट मागून किंवा बारीक ड्रिलने सोडवावेत. मुद्रेखाली ऊन, पाऊस आणि ब्रश पोहोचलेला नसतो. म्हणून मूळ रंगाचा सर्वांत विश्वसनीय नमुना तेथेच सापडतो. नोंदीचे मुख्य काम याच टप्प्यावर उरकावे. सर्व बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रे, क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा, नळ्यांची मापे आणि मालकाच्या कुटुंबाकडून ऐकलेली हकीकत तारखेसह लिहून ठेवावी.

दुसरा टप्पा थर वाचण्याचा. एखाद्या दुय्यम जागी, उदाहरणार्थ मागच्या नळीच्या आतील बाजूस, ओल्या बारीक पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा उतरती घासली असता झाडाच्या खोडातील वलयांसारखी रंगांची वलये दिसतात. त्यांचा क्रम वरून खाली लिहून घ्यावा आणि छायाचित्र घ्यावे. घासणे ओलेच असावे, कारण जुन्या अस्तरात व पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटे शरीरात जाते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली निघाले व पुढील वर्षी अमलात आले. त्यापूर्वीच्या प्रत्येक रंगाकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

तिसरा टप्पा रंग व गंज काढण्याचा. येथे पुरावा अंतिमतः नष्ट होतो. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात रंग सुटतो, आम्लाने गंज निघतो. पण सांगाडा हा पोकळ नळ्यांचा असतो. नळ्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरलेले आम्ल धुऊन निघाले नाही तर पुढे तेच आतून पोलाद खाते. वाळूच्या किंवा अन्य कणांच्या माऱ्याने, म्हणजे ब्लास्टिंगने, ही अडचण टळते. कोल्हापूर हे फाउंड्रींचे शहर असल्याने शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत ओतीव भाग साफ करण्याची यंत्रे अपरिचित नाहीत. परंतु जाड ओतीव भागावर पोलादी गोळ्या फेकणारे यंत्र आणि दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची, गंजाने आधीच झिजलेली नळी यांत मोठा फरक आहे. सायकलीसाठी बारीक गार्नेट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, कमी दाब आणि सतत हलता हात आवश्यक असतो. पुढची नळी, खालच्या सांध्याचे आटे आणि ठोकलेला क्रमांक यांवर मारा होणार नाही अशी आच्छादने आधीच बसवावीत.

या टप्प्याला कामगाराच्या आरोग्याचीही बाजू आहे. नदीची किंवा खाणीची वाळू ब्लास्टिंगला स्वस्त पडते, पण तिच्यातील सिलिकेच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो. ब्रिटनमध्ये १९४९च्या विशेष नियमांनी अशा कामात वाळूचा वापर बंद करण्यात आला. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सिलिकोसिसचा समावेश कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. वारशाच्या जतनासाठी दुसऱ्याचे फुफ्फुस खर्ची घालणे समर्थनीय ठरत नाही. ज्या कार्यशाळेत बंदिस्त कक्ष व श्वसनसंरक्षण नसेल तेथे हे काम देऊ नये.

चौथा टप्पा तपासणीचा. उघड्या पोलादावर जुन्या भेगा स्पष्ट दिसतात. शंकास्पद सांध्याला रॉकेल लावून पुसून घ्यायचे व वर खडूची पूड लावायची. भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. लांबी आणि इपॉक्सीने बुजविलेले खड्डे येथे उघडे पाडावे लागतात, कारण भट्टीच्या उष्णतेत अशी भर जळते किंवा फुगते. शिसे-कथलाची मऊ झाळ तर १८० अंशांच्या पुढे वितळूच लागते. पितळी झाळेला या उष्णतेचा धोका नसतो. तिचा वितळणबिंदू त्याहून कितीतरी वर आहे. दुरुस्तीच्या ज्या खुणा भक्कम आहेत त्या घासून सपाट करण्याचा मोह टाळावा. पितळेचा ओघळलेला थेंब हा कारागिराचा हस्ताक्षरासारखा पुरावा असतो आणि तो कवचाखालीही ओळखता येतो.

पाचवा टप्पा रासायनिक संस्काराचा. ब्लास्टिंगनंतर उघडे पोलाद फार वेळ ठेवता येत नाही. पावसाळ्यात जोतिबा-पन्हाळ्याच्या धुक्यात तर काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. उघड्या हाताने धरले तरी घामाचे ठसे गंजून वर येतात. तेल-ग्रीस काढणे, धुणे, फॉस्फेट देणे, पुन्हा धुणे व वाळविणे हा क्रम लवकर पूर्ण करावा लागतो. येथील व्यवसायात तो सात टाक्यांची प्रक्रिया म्हणून परिचित आहे. जुन्या सांगाड्यांची विशेष अडचण म्हणजे सांध्यांत मुरलेले ग्रीस आणि पाणी. भट्टीत त्यांची वाफ होऊन ओल्या कवचाला टिपके पडतात. यासाठी पूड देण्यापूर्वी सांगाडा एकदा रिकामा भाजून घेण्याची पद्धत आहे. फाउंड्रीच्या ओतीव भागांतील अडकलेल्या वायूंमुळे येणारे टिपके कोल्हापूरच्या कारागिरांना ठाऊक असतात. हा त्याच दोषाचा सायकलीतील अवतार होय.

शेवटी आच्छादन. वाट्या बसण्याच्या जागा, आटे आणि सीटच्या नळीची चीर यांना उष्णतारोधी टेप व सिलिकॉनची बुचे लावतात, अन्यथा कवचाच्या जाडीने भाग पुन्हा बसत नाहीत. क्रमांकाच्या जागी पूड विरळ द्यावी. जाड कवचाखाली ठोकलेले अंक बुजून जातात आणि वस्तूची ओळख नष्ट होते. सांध्यांच्या आतील कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोहोचत नसल्याने पूड कमी बसते, तेथेच पुढे प्रथम गंज धरतो. यात्रेचा गुलाल असो की रस्त्याची धूळ, ती साचते व ओल धरते ती याच खाचांत. म्हणून या जागा हाताने नीट भराव्या लागतात.

पर्यायाचा विचार :

प्रत्येक सांगाड्याला पावडर कोटिंग द्यावे काय? ज्या सायकलीवर मूळ रंग, रेघा व चित्रपट्ट्या बऱ्याच अंशी शाबूत आहेत, तिच्यावर ही प्रक्रिया करणे म्हणजे जुने हस्तलिखित धुऊन त्या कागदावर नवे लिहिणे होय. तेथे सौम्य साबणाने धुणे, गंज थोपविणे आणि मेणाचा पातळ हात देणे पुरेसे आहे. ज्या सायकलीचा रंग निघून गेला आहे, गंज खोल उतरला आहे आणि जिला पुन्हा रस्त्यावर यायचे आहे, तिला मात्र नवे कवच हवेच. वस्तू संग्रहात निपचित ठेवण्याऐवजी वापरात राहावी, ही इच्छाही इतिहासविरोधी नाही. सायकल चालण्यासाठीच झाली होती. पण मधल्या अवस्थेतील सांगाडे अधिक संख्येने असतात आणि तेथे निर्णय करणाऱ्याकडे माहिती असावी लागते. ही माहिती देण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. एका विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतील एका सायकलीची नोंद केली तरी दहा वर्षांत एका तालुक्याचे दप्तर उभे राहील. त्याला मोठा निधी लागत नाही. कॅमेरा, मोजपट्टी, पेन्सिल आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याची सवड एवढीच सामग्री पुरते.

निष्कर्ष :

१. वज्रलेप व कल्हईपासून फॉस्फेट व पावडर कोटिंगपर्यंत लेपाचे टिकणे पूर्वतयारीवर अवलंबून राहिले आहे. लेपांची नावे बदलली. स्वच्छता, उष्णता आणि रासायनिक संस्कार ही त्रयी कायम राहिली.

२. गावठी ऑइलपेंटच्या रीतीत जुने थर अनवधानाने टिकून राहिले. पावडर कोटिंगमध्ये ते अटळपणे नष्ट होतात. त्यामुळे नव्या तंत्राबरोबर नोंदीची जबाबदारीही आली आहे.

३. सांगाड्यावरील क्रमांक, मुद्रा, थर, कराचा बिल्ला आणि दुरुस्ती हा सामान्य माणसाच्या दळणवळणाचा प्राथमिक पुरावा आहे. कोल्हापूर-जोतिबा परिसराच्या चढउताराने त्यातील दुरुस्तीच्या पुराव्याला स्थानिक वैशिष्ट्य दिले असण्याची शक्यता पद्धतशीर नोंदींनी तपासता येईल.

४. ब्लास्टिंग हा परत न फिरता येणारा टप्पा आहे. त्यापूर्वी छायाचित्र, ठसा, थरांचा क्रम व कौटुंबिक हकीकत या चार नोंदी अनिवार्य मानाव्यात आणि हे काम कामगाराच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्या कार्यशाळेतच करावे.

राणोजी शिंद्यांचे मंदिर जवळजवळ तीन शतके भक्कम उभे आहे, नावजीचे देऊळ मात्र केवळ परंपरेच्या तोंडी उरले. आपल्या घरातील सायकलीचा जीर्णोद्धार करणाऱ्याला हे दुसरे टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी भट्टी पेटण्याआधीचा एक दिवस पुरेसा आहे.